नदीत न सापडलेलं पातेलं

४ मार्च

प्रिय दादा,

ऑफिसच्या फोनवरून मोकळं बोलता येत नाही. फोन वाजला की सगळे मान खाली घालून कामाचं नाटक करतात आणि कान माझ्याकडे लावतात. म्हणून लिहितेय. अर्धंच वाचून पत्र खिशात कोंबायची तुझी सवय मला माहीत आहे, या वेळी तसं करू नकोस.

आईचं काही खरं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू दिवसभर तिच्याजवळ बसायच्या, त्या आता मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या. परवा मी कामावरून आले तर दार सताड उघडं, गॅस चालू, आणि आई जिन्यात पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतेय, "आमचं घर कुठलं हो?" मला बघून म्हणाली, "बाई, तुम्ही इथल्याच का?" मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले.

त्यात कामाची ही घाई. टेकडीवरच्या खोदकामात निघालेली सगळी ब्राँझची भांडी जूनच्या आत लावून द्यायची आहेत. रोमन काळातली, जवळजवळ दोन हजार वर्षं मातीत पडलेली. लावून म्हणजे फळीवर नव्हे, कुठलं भांडं कुठल्या जातीचं आणि कोणत्या काळातलं ते ठरवायचं. दांड्याची पातेली, झाऱ्या, गाळणी, तसराळी. तुला हसू येईल, पण पातेल्याचं वय मी दांड्याच्या टोकाला असलेल्या भोकावरून सांगते. खुंटीला अडकवायचं भोक. चंद्रकोरीसारखं असेल तर पातेलं जुनं, गोल असेल तर बऱ्याच नंतरचं. एवढं शिकून हिने भोकं बघितली, असं म्हणणार आहेस. म्हण.

काम पुरं झालं नाही तर माझी नेमणूक पुढे सरकत नाही. आणि या दोन खोल्या त्या नेमणुकीवर मिळाल्यात. नोकरी गेली तर खोल्या जातील, आणि खोल्या गेल्या तर आईला घेऊन मी कुठे जाऊ? दादा, जूनपर्यंत तिला ने. फक्त तोवर. वहिनीला मी वेगळं लिहू का? तिचा आईवर जीव आहे, ती नाही म्हणायची नाही.

तोपर्यंत मी काम घरी आणते. नियमाप्रमाणे एक खिळाही बाहेर न्यायचा नसतो. मी रोज एक भांडं कापसात गुंडाळून पिशवीत तळाशी ठेवते आणि वर भाजी. सरांना कळलं तर ते रागावणार नाहीत, त्यांचा विश्वासच बसणार नाही. कॉलेजपासून त्यांनी मला शिकवलंय. ते म्हणतात, हिच्या हातात भांडं दिलं की मी बिनघोर झोपतो.

लवकर लिही.

तुझी चिंगी


११ मार्च

चिंगे,

पत्र पूर्ण वाचलं. खिशातसुद्धा घातलं नाही. आता बस हसत.

आईला आणायचं माझ्या मनात नाही असं समजू नकोस. पण इथली गंमत ऐक. दिवसभर मी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि स्वतःच्या खोलीवर जिन्याने चढतो. खोली अगदी वर, गच्चीला लागून. आईचे गुडघे पहिल्याच मजल्यावर राम म्हणतील. शिवाय खोलीत आवाज फार. आणि मी घरात कधी असतो? कुणी लिफ्टमध्ये अडकलं की मी निघालो. वहिनी ठीक आहे. तिला मुद्दाम लिहू नकोस, तिच्याही डोक्याला बरेच व्याप आहेत.

एक सांगतो, तोंड वाकडं करू नकोस. तुमच्या गावाबाहेर एक संस्था आहे, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी. तिथली लिफ्ट आमच्या कंपनीने बसवली, आमचा एकजण अजून जातो तिथे. म्हणतो, जागा स्वच्छ आहे, बायका प्रेमळ आहेत, कुणी कुणावर खेकसत नाही. नुसतं बघून तर ये. बघायला काय हरकत आहे?

आणि भांडी पिशवीतून नेणं बंद कर. तू आधीच धांदरट. लहानपणी दूध आणायला गेलीस की निम्मं रस्त्याला पाजून यायचीस.

दादा


१९ मार्च

दादा,

आईने पातेलं घासलं.

हे वाक्य लिहून मी केव्हाची बसलेय. टेकडीवरचं सगळ्यात चांगलं पातेलं. चंद्रकोरीच्या भोकाचं, आतून कल्हई केलेलं, दांड्यावर ते घडवणाऱ्याचा शिक्का. शिक्क्यातली अक्षरं निम्मी झिजलेली, पण तिरक्या उजेडात लागत होती. ती कागदावर उतरवून घ्यायची म्हणून मी ते घरी आणलं. टेबलावर कापसात ठेवलं आणि दूध आणायला खाली गेले. रांग होती. परत आले तर आई मोरीपाशी उभी, बाह्या वर सारलेल्या, गुणगुणतेय. किती दिवसांनी मी तिला गुणगुणताना ऐकलं! हातात लिंबाची फोड, मीठ आणि तारेची घासणी. मला म्हणाली, "केवढं कळकट झालं होतं ग! अशी ठेवतात का भांडी?" आणि पातेलं वर धरून दाखवलं. लख्ख सोनेरी. बाजारातून कालच आणल्यासारखं.

तुला काय गेलं ते कळायचं नाही म्हणून सांगते. त्या पातेल्यावर हिरवा थर होता, पातळ, गुळगुळीत. दोन हजार वर्षं मातीत राहून येतो तो थर. पातेलं कुठल्या मातीत होतं, कशाला लागून पडलं होतं, चुलीवर कुठल्या अंगाने बसायचं, हे सगळं त्या थरात आणि त्याखालच्या काजळीत होतं. ते मोरीतून वाहून गेलं. शिक्का तारेने सपाट झाला. मी बोट फिरवलं, हाताला काही लागलं नाही.

मी आईच्या हातावर मारलं, दादा. जोरात. तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, "चुकलं का माझं?" तिला मी कोण ते ठाऊक नव्हतं. कुणीतरी बाई येऊन आपल्याला मारतेय एवढंच कळलं. नंतर ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली, आणि जेवायला उठवलं तर उठेना. घास तोंडाशी नेला की ओठ मिटून घेते. त्या दिवसापासून ती माझ्या हातचं नीट खात नाही.

आता सरांना काय सांगू? भांडं घरी नेलं होतं म्हणून सांगितलं की त्याच दिवशी नोकरी संपली. मला काही सुचत नाही. तू मोठा आहेस, तू सांग.

चिंगी


२५ मार्च

चिंगे,

आधी श्वास घे. पातेलं आहे, माणूस नाही. रोमन लोक येऊन जाब विचारणार नाहीत.

मला तर वाटतं त्या पातेल्याला बरं वाटलं असेल. दोन हजार वर्षांनी कुणीतरी घासलं बिचाऱ्याला. सरांना सांग, नदीत सापडलं, पाण्यानेच घासून काढलं. झालं.

आईला मारलंस हे वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तू एकटी किती दिवस पुरणार? आज हात उचललास तसा उद्याही उचलशील. म्हणून पुन्हा सांगतो, त्या संस्थेत जाऊन ये. आमच्या माणसाने विचारून ठेवलंय, महिन्याभरात एक पलंग रिकामा होईल म्हणतात. नाव घालून ठेवायला काही लागत नाही.

तिला मी आठवतो का ग? नावाने नाही, असंच, कधी?

दादा


३१ मार्च

प्रिय दादा,

तू देवमाणूस आहेस! थट्टेत बोललास, पण अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंस.

नदीच्या तळाशी चिखलात हवा पोचत नाही. तिथे पडलेलं ब्राँझ हिरवं होत नाही, सोनेरीच निघतं. गाळ काढणाऱ्या बोटीवाल्यांनी वर्षानुवर्षं आणून दिलेली अशी भांडी आमच्या तळघरात खोक्यात पडून आहेत, आणि सगळी आईने घासल्यासारखी दिसतात. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि डोक्यात आलं नाही. तुझं पत्र वाचलं आणि उठून उभीच राहिले.

फोटोवाला आजारी होता, त्यामुळे या पातेल्याचा फोटो अजून निघालाच नव्हता. टेकडीवरची शेवटची खोकी मी एकटीने उघडली, सरांनी ती पाहिलेली नाहीत. मी पातेलं नदीच्या खोक्यात ठेवलं. जुन्या पुलाजवळून आलेल्या एका दांड्याच्या तुकड्याची चिठ्ठी सोडवून त्याला बांधली. बस. कुणाचं काही बिघडलं नाही. शिक्का गेला तो गेला, त्याचं मी आयुष्यभर रडेन, पण खोल्या राहिल्या आणि आई राहिली.

आज तिने दोन घास खाल्ले. खिडकीत बसवलं होतं, समोर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं, ती बघता बघता तोंड उघडत होती. संस्थेचं नाव पुन्हा काढू नकोस. ती माझ्याजवळच राहणार. आणि हो, तिला तू आठवतोस रे, काल जिन्यात पावलं वाजली तर म्हणाली, "आला वाटतं."

चिंगी


८ एप्रिल

चिंगे,

मी थट्टा केली होती. ते खरंच करशील असं वाटलं नव्हतं.

असो. झालं ते झालं. तुझ्या पत्रात बऱ्याच दिवसांनी हसू दिसलं, मी कोण त्यावर पाणी ओतणारा? पण जपून. आमच्याकडे एकाने खालच्या मजल्याचं बटण बिघडलं म्हणून वरच्याची तार तिथे जोडली. त्यानंतर लिफ्ट कुठे थांबेल ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"आला वाटतं" हे ती बाबांना म्हणाली असेल. मला नाही.

दादा


१७ एप्रिल

दादा,

सरांनी ते पातेलं पाहिलं.

मी समोरच होते. ते नदीची खोकी चाळायला तळघरात उतरले, आणि थोड्या वेळाने दोन्ही हातांत पातेलं धरून वर आले. चष्मा कपाळावर सरकलेला, चेहरा लाल. म्हणाले, "हे तू पाहिलं होतंस?" मला वाटलं, कळलं. तर ते हसायला लागले. दादा, डोळ्यांत पाणी येऊन हसत होते.

आजवर नदी ओलांडताना पाण्यात पडलेली जी पातेली सापडली, त्या सगळ्यांना गोल भोकं. म्हणजे त्या पुलावरून लोक नदी ओलांडायचे ते उशिराच्या काळात, असं सगळे म्हणत आले. एकटे सर म्हणायचे, नाही, वाट त्याच्या खूप आधीची आहे. लोकांनी त्यांना सभांमध्ये हसून घेतलंय, मी स्वतः मागच्या रांगेत बसून ते ऐकलंय. आणि आता चंद्रकोरीच्या भोकाचं पातेलं, पुलाजवळच्या चिखलातलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्यासारख्या मुलीने लावलं म्हणून हाती आलं," म्हणाले.

हे त्यांचं शेवटचं वर्ष आहे. टेकडीवरचं उरलेलं काम त्यांनी बंद केलं. सगळी माणसं, सगळी तयारी नदीवर. पाणबुडे बोलावलेत. डोंगरातलं बर्फ वितळून पाणी चढलेलं आहे, गढूळ आहे, दुसरा कुणी असता तर थांबला असता. पण महिनाअखेरीला गाळ काढायचं मोठं यंत्र पुलाखालून जाणार आहे, मग तळ साफ. म्हणून सर थांबायला तयार नाहीत.

मी रोज ठरवते, आज सांगायचं. रोज त्यांच्या दारापर्यंत जाते. आत ते नकाशा पसरून गुणगुणत असतात आणि मला म्हणतात, "ये, ये, बस." आणि मी बसते. सांगितलं तर त्यांचं काय होईल? आणि आईचं? मला दोन्हीकडून कुणीतरी दाबत आणतंय. मी काय करू?

चिंगी


२१ एप्रिल

चिंगे,

गप्प बस. ऐक माझं.

चार दिवस डुबक्या मारतील, दमतील, काही मिळणार नाही, घरी जातील. नदीत एक भांडं मिळालं म्हणून दुसरं मिळायलाच हवं असं थोडंच आहे? सर थोडे खट्टू होतील. आयुष्यभर लोकांनी हसलेलं ज्याने सोसलं तो एवढंही सोसेल. तू तोंड उघडलंस तर मात्र तीन माणसं उघड्यावर येतील, तू, आई आणि ते.

कुणाला काही इजा होत नाहीये ना? मग झालं तर.

दादा


३० एप्रिल

दादा,

इजा झाली.

नीट क्रमाने सांगते, नाहीतर तुला कळायचं नाही.

काल नदीवर शेवटचा दिवस होता. यंत्र आज येणार होतं. आईजवळ बसायला कुणी नव्हतं, म्हणून तिला बरोबर नेलं आणि काठावर दगडावर बसवलं, शाल गुंडाळून. काय शोधायचं ते पाणबुड्यांना दाखवण्यासाठी सरांनी एक खोकं आणलं होतं. आपलं सोनेरी पातेलं, आणि टेकडीवरची हिरवी भांडी, नुसता आकार कळावा म्हणून. पाणबुडे दोघे. त्यातला थोरला सकाळी उतरला. दोरी बोटीवर धरलेली. बऱ्याच वेळाने दोरीला झटका बसला, मग झटके, मग काहीच नाही. बोटीवरची माणसं ओढायला लागली तर दोरी येईना. कुणीतरी ओरडत होतं. मी कान झाकून घेतले, एवढं आठवतं.

खाली जुन्या बोटीची तार होती, तिच्यात त्याचा पाय गुंतला होता. धाकट्याने उडी मारली आणि त्याला सोडवून वर आणलं. ओठ निळे, एका कानातून रक्त. त्याला घोंगडीत गुंडाळून बसवलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तसं बरंय." आणि सर, माझे सर, ज्यांनी कधी शिपायालाही आवाज चढवून सांगितलं नाही, ते धाकट्यासमोर हात जोडून उभे राहिले. "एकदाच. फक्त एकदाच उतर. उद्या काही उरणार नाही." तो थोरल्याकडे बघत होता. थोरल्याने मान हलवली, जा म्हणून. तो पट्टे बांधायला लागला.

तेव्हा मी सांगितलं. सगळ्यांसमोर. पातेलं नदीतलं नाही, टेकडीवरचं आहे. मी घरी नेलं, आईने घासलं, मी चिठ्ठी बदलली.

सर हळू आवाजात म्हणाले, "तू घाबरली आहेस. मला समजतं. रक्त बघितलं की कुणालाही वाटतं, हे थांबावं. पण थांबवायला असं स्वतःवर बालंट घेऊ नकोस." मी म्हटलं, "सर, खरंच." ते म्हणाले, "तू? तू भांडं घरी नेशील? मुली, मी तुला ओळखतो." मी शपथा घेतल्या, रडले. जितकी रडले तितकी त्यांची खात्री पटत गेली की पोर दयेपोटी खोटं बोलतेय. धाकट्याने तोवर तोंडाला नळी लावली होती.

दादा, मी खोक्यात हात घातला. आणि तुला पटणार नाही, पण तेव्हाही माझा हात निवड करत होता. मोडक्या कडेचं, साधं, ज्याच्यासारखी आमच्याकडे रांगेने पडली आहेत तसलं एक हिरवं वाडगं मी शोधून काढलं. ज्याच्या जाण्याने कमीत कमी जाईल असं. ते मी आईच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आई, हे घासशील?"

तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. "घासू?" म्हणाली. मी म्हटलं, "घास."

ती दगडावरून उतरून पाण्याशी उकिडवी बसली. ओली वाळू घेतली मूठभर आणि लागली घासायला. नुसता वाळूचा आवाज. हिरवं पाणी तिच्या बोटांमधून खाली गेलं, आणि कडेला सोनेरी दिसायला लागलं, आधी बोटाएवढं, मग तळहाताएवढं. सरांच्या तोंडून "अहो" असं निघालं आणि ते पुढे झाले, पण हात धरायला नाही. तिच्या बाजूला वाळूत बसले. त्यांनी पातेलं घेतलं, वाडग्याशेजारी धरलं, आणि दांड्याच्या चंद्रकोरीच्या कोपऱ्यात नखाने खरवडलं. घासणी तिथे पोचली नव्हती. नखावर हिरवं आलं. नदीतल्या भांड्याला असं हिरवं कुठून येणार?

"पुरे," ते म्हणाले. मला वाटलं आईला म्हणाले, पण ते धाकट्याला म्हणत होते. "कपडे घाल बाळ. झालं." आईने वाडगं पुसून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि तिला म्हणाले, "छान निघालं हो, बाई." माझ्याशी ते बोलले नाहीत. गाडीत बसतानासुद्धा नाही.

आज बोलावलं. टेबलावरून नजर न उचलता म्हणाले, "मला कळवावं लागेल." मी म्हटलं, "हो." टेकडी बंद, नदी साफ, त्यांचं वर्ष गेलं. त्या माणसाला एका कानाने ऐकू येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. हे सगळं मी केलं, आईला जवळ ठेवायचं म्हणून केलं. आणि ती काही जवळ राहत नाही. खोल्या आठवड्यात रिकाम्या करायच्या आहेत. तुझ्या माणसाने संस्थेत विचारून ठेवलं होतं ना, तिथून निरोप आलाय, पलंग रिकामा झाला. चार तारखेला तिला नेऊन सोडते. माझं सामान शाळेतल्या एका मैत्रिणीकडे टाकेन, पाकिटावर तिचा पत्ता आहे, तिथे लिही.

तुला दोष देत नाही. तुझी थट्टा होती, हात माझा होता.

चिंगी


३ मे

चिंगे,

आईला सोडू नकोस. हे पत्र मिळेल तशी तिला घे आणि गाडीत बस.

आता खरं सांगतो. वहिनी गेल्या वर्षी गेली. मेली नाही, गेली. ठीकच असेल, विचारायला पत्ता नाही. घर तिच्या नावावर होतं. तेव्हापासून मी एका इमारतीच्या लिफ्टच्या मशीनच्या खोलीत राहतो. गच्चीवर, चाकं आणि दोरखंड यांच्या शेजारी. दुरुस्तीला आलोय असं दाखवून राहतो, मालकाला पत्ता नाही. कुणी लिफ्ट बोलावली की माझ्या उशाशी मशीन घरघरतं. ही खोली मी आईला दाखवणार होतो? तुला दाखवणार होतो? म्हणून गुडघे आणि जिने आणि वहिनीचे व्याप. गुडघ्यांचं तर काहीच नाही, लिफ्ट थेट वरपर्यंत येते.

एकदा मी हो म्हटलं असतं तर तुला पिशवीत पातेलं न्यावं लागलं नसतं. तो माणूस बहिरा झाला नसता. मी लिहिलं होतं, कुणाला इजा होत नाहीये ना. ते वाक्य मला आता झोपू देत नाही.

तुम्ही दोघी या. आवाजाचं काही नाही, मला सवय झाली तशी आईलाही होईल. मालकाने पकडलं तर तिघांनाही बाहेर काढेल. मग तिघं बाहेर. एका पलंगावर तुम्ही दोघी, मी मशीनच्या बाजूला. मी स्टेशनवर येतो, कुठली गाडी ते आमच्या कंपनीच्या ऑफिसात फोन करून कळव, सगळ्यांनी ऐकलं तरी चालेल.

दादा


७ मे

दादा,

तुझं पत्र आज आलं. आईला मी चार तारखेलाच सोडून आले होते.

मैत्रिणीच्या दारात उभ्याउभ्याच वाचलं आणि तशीच चपला घालून संस्थेत गेले. रस्ताभर तुझ्यावर ओरडत होते. मनातल्या मनात नाही, खरोखर, लोक बघत होते. असा कसा रे तू? दोन महिने मी तुला काय मागत होते? खोली कसली का असेना. मी बंगला मागितला होता का तुझ्याकडे? आणि ओरडता ओरडता रडायलाही येत होतं, की माझा भाऊ एक वर्ष असा राहिला आणि मी त्याला भोकांच्या गोष्टी लिहीत बसले.

तिथल्या बाईंना म्हटलं, मी आईला न्यायला आलेय, आमची सोय झाली. त्या म्हणाल्या, न्या की, तुमचीच आई आहे, पण जेवण चाललंय तेवढं होऊ दे. दाराला काच आहे. मी काचेतून बघितलं.

एक बाई तिच्यासमोर स्टुलावर बसली होती, मध्यम वयाची, ढगळ झग्यातली. चमचा पुढे करायची आणि काहीतरी बोलायची. आणि आई तोंड उघडत होती. एकदाही ओठ मिटले नाहीत. पूर्ण वाटी संपवली, दादा. मग तिने त्या बाईच्या गालाला हात लावला आणि आणखी मागितलं. दोन महिने मी तिच्यापुढे वाटी घेऊन रडले. तिला इथे यावं लागू नये म्हणून मी खोटी चिठ्ठी बांधली, सरांना धुळीला मिळवलं, एक माणूस बुडता बुडता राहिला. आणि ती इथे जेवते. माझ्या हातचं नाही, इथलं जेवते. आनंद व्हायला हवा ना मला? मला त्या बाईच्या हातातला चमचा हिसकावून घ्यावासा वाटला.

मी दार उघडलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितेय. आत ती आता झोपली असेल, जेवण झालं की तिचा डोळा लागतो. उठली की तिला न्यायचं का? तुझ्या माझ्यासाठी न्यायचं की तिच्यासाठी ठेवायचं? सरांसमोर जे करायचं ते मी एकटीने केलं. हे माझ्या एकटीने होत नाही. आधी तू ये. मिळेल त्या गाडीने ये आणि या काचेतून एकदा बघ.

चिंगी